देवाला फिल्टरचं चालत नाही

“ताई, कळस दिसला.”

फोनवर दत्ता, माझा धाकटा भाऊ. मी बारामतीत ओट्याशी उभी राहून कैऱ्या चिरत होते. माहेराहून एवढं एक वाक्य आलं की पूर्वी मी लगेच पिशवी भरायला घ्यायची. उजनीचं पाणी उतरलं, आमच्या बुडालेल्या गावातल्या महादेवाचा कळस वर आला, की खरा उन्हाळा सुरू. लोकांचा उन्हाळा आंब्यानं सुरू होतो, आमचा कळसानं. या वेळी मात्र मी म्हटलं, “दिसू दे,” आणि कैरी चिरत राहिले.

“आसं काय बोलतीस? आबा म्हणत्यात, समद्यांनी यायचं. सोता कळशी घालणार हायत. आन् विक्रमच्या सोयरिकीची माणसंबी येणार हायत देवाच्या पाया पडायला. आत्या न्हाय म्हणल्यावर बरं दिसत न्हाय.”

बरं दिसत नाही. आमच्या घराण्याचं हे लाडकं वाक्य. या वाक्यापायी आमच्या घरातून एक सून गेली, पोटातल्या लेकरासकट. सारिका तिचं नाव. विक्रम म्हणजे दत्ताचा मुलगा, त्याची ती बायको. मागं असाच कळस वर आला होता, त्या उन्हाळ्यात ती गेली. आता विक्रमचं दुसरं लग्न ठरत होतं आणि नवी पोरगी त्याच देवळात, त्याच पायरीवर, त्याच पाण्याच्या पळीसाठी हात पुढं करणार होती. कैऱ्या तशाच ठेवल्या आणि इंदापूरकडच्या गाडीची वेळ बघितली.

पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं की त्याचे फोटो पेपरात येतात. लोक गाड्या करून येतात, ड्रोन उडवतात. आमचं गाव त्याच्या अलीकडं आणि आमचं देऊळ काही एवढं मोठं नाही. घडीव दगडाचा गाभारा, पुढं चार खांब, पायऱ्या, संपलं. धरण झालं तेव्हा गाव वर माळावर सरकलं, देव खालीच राहिला. महादेवाला पाण्याचं कसलं भय, असं तेव्हाच्या जाणत्यांनी ठरवून टाकलं. मी तेव्हा आईच्या कडेवर होते म्हणे. पाणी पायरीला लागलं त्या दिवशी शेवटची कळशी आबांनी, माझ्या वडिलांनी घातली. म्हणून पाणी उतरलं की पहिली कळशी आमच्या घरची, असा मान पडून गेला. पोरं गाभाऱ्यातला गाळ फावड्यानं ओढतात, पिंड धुतात. मग आबा देवळाशेजारच्या डोहातून तांब्याची कळशी भरून आणतात आणि देवाला घालतात. त्याच पाण्याचं तीर्थ साऱ्या गावाला. त्यात कुणी पोटुशी असेल तर तिला सगळ्यांत आधी.

लहानपणी आम्ही हे पाणी पोटावर आडवं पडून, तोंड लावून प्यायलोय. बारके मासे ओठांना लागायचे, गुदगुल्या व्हायच्या. पाण्याला ओल्या दगडाची चव होती. ती चव मला अजून आठवते, आणि आठवली की राग येतो. कुणाचा म्हणाल तर यादी लांब आहे आणि त्या यादीत मीही आहे.

आता उन्हाळ्यात काठावर उभं राहून बघा. पाणी हिरवंगार, पण पिकाचं हिरवं नव्हे. कल्हई गेलेल्या भांड्याला कळंक चढतो ना, तसलं. काठाला फेस, फेसात बाटल्या, चपला, देव्हाऱ्यातले जुने फोटो. मासेमारीची होडी गेली तर मागं वाट उरते आणि ती पुन्हा हिरव्यानं भरून येते. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. न विचारता कळतंय की! वरच्या शहरांतलं सगळं, म्हणजे अगदी सगळं, धुऊन-विसळून आमच्याकडं येतं. आणि घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. आमचं स्वतःचं काय कमी आहे? उसाच्या खताचा पाझर इकडंच, औषधाचे डबे विसळतात इकडंच, हायवेवरच्या हॉटेलांचं, नव्या प्लॉटिंगचं सगळं इकडंच.

पाणी मागं सरकलं की दत्ताची मोटार पुढं सरकते. पाइपाला पाइप जोडायचा, गाळात चारी खणायची, नदीच्या पोटात शिरायचं. शेजाऱ्याची चारी आपल्यापुढं गेली तर दत्ताला जेवण गोड लागत नाही. त्याच्या उसाला पाणी कमी पडलेलं मी कधी पाहिलं नाही. उसाला नदीचं आणि माणसांना जारचं, अशी आमच्या गावाची वाटणी झालेली आहे. धरणाच्या काठावर बसलेलं गाव, आणि सकाळी जारची रिक्षा भोंगा वाजवत येते. पाहुणा आला तर तांब्या पुढं करताना आधी सांगायचं, “घ्या, फिल्टरचं हाय.” नाही सांगितलं तर पाहुणा नुसता ओठाला लावून खाली ठेवतो.

माझं सासर कऱ्हाटीच्या बाजूला. तो कोरडा मुलूख. नवी नवरी होते तेव्हा उन्हाळ्यात टँकर आला रे आला की आम्ही हंडे घेऊन धावायचो. हातातली भाकरी तव्यावर करपली तरी चालेल, टँकर चुकता कामा नये. एकदा जावेनं माझा हंडा मागं लोटला म्हणून आम्ही दोघी आठ दिवस बोललो नव्हतो. टँकर म्हणजे देवच. आणि माहेरी विक्रमनं टँकर घेतला तेव्हा वहिनीनं, म्हणजे दत्ताच्या बायकोनं, नारळ फोडला, पेढे वाटले, आणि मग नाकाला पदर लावला. कारण हा टँकर पाणी आणणारा नव्हता. संडासाच्या टाक्या उपसणारा होता. हॉटेलवाल्यांचे, सोसायट्यांचे फोन यायचे, विक्रम जायचा, पाइप टाकायचा, ओढून घ्यायचा. टँकर जुना, आमच्याच कोरड्या बाजूनं विकत आणलेला. वरून पिवळा रंग मारला होता, पण ऊन तिरपं पडलं की रंगाखालची जुनी अक्षरं दिसायची : पिण्याचे पाणी.

भरलेला टँकर रिकामा कुठं होतो, हे घरात कुणी विचारलं नाही. जेवताना कोण विचारणार असलं?

सारिका निमगाव केतकीची. तोंडाची भारी फटकळ आणि हसरी. वहिनी फोनवर पाहुण्यांशी गोड बोलते, तशी हुबेहूब नक्कल करायची, तीही वहिनीच्या समोर. वहिनी आधी चिडायची, मग पदर तोंडाशी धरून हसायची. त्या उन्हाळ्यात तिला सहावा लागला होता. भेगाळलेल्या गाळातून देवळाकडं चालताना तिनं माझा हात धरला होता. म्हणाली, “आत्याबाई, तुमच्या गावचा देव लई नशीबवान बघा. सालभर गारव्याला बसतोय, अन् उन्हाळ्यात गावाला आला की पयली आंघोळ आबांच्या हातची.” मागून विक्रम येत होता, हातात फिल्टरच्या पाण्याची बाटली घेऊन. दर थोड्या वेळानं तिला म्हणायचा, “ह्येच पी. दुसरं कुणी दिलं तर घिऊ नको.” त्याला तिची काळजी होती. घरात बोअरचंसुद्धा पिऊ देत नव्हता. मला त्याचं कौतुक वाटलं. आमच्या पिढीत कुठल्या नवऱ्यानं बायकोमागं पाण्याची बाटली धरली होती?

गाभाऱ्यात गाळाचा वास कोंडला होता. पिंडीला नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला, तो पोरांनी कापून काढला. आबा डोहाशी गेले. त्यांनी वरचं शेवाळ हातानं हळूच बाजूला सारलं, जसं झोपलेल्या लेकराच्या तोंडावरचं पांघरूण सारावं तसं. उपरण्याची चौपदरी घडी कळशीच्या तोंडावर धरून पाणी गाळून घेतलं. दत्ता म्हणाला, “आबा, गाडीत जार हाय की. त्याचंच घाला आवंदा.”

आबा हसले. “देवाला फिल्टरचं चालत न्हाय, दत्ता. त्यो ह्याच पाण्यात बसलाय.”

सगळे हसले. मीही हसले. छान बोलले असंच वाटलं.

कळशी पिंडीवर रिती झाली, तळाशी राहिलेलं तीर्थ म्हणून वाटायला घेतलं. “पोटुशीला आधी,” आबा म्हणाले आणि पळी भरली. सारिकानं विक्रमकडं पाहिलं. बाटलीवाला तिचा नवरा त्या क्षणी डोहाकडं बघत होता. तिनं हात पुढं केला, पळीभर पाणी तळहातावर घेतलं, ओठाला लावलं आणि नाक मुरडलं.

“आबा, ह्याला वास येतोय.”

“गाळाचा वास हाय पोरी. नदीचाच.”

ती सगळं प्यायली. ओला हात डोक्यावरून फिरवला, पोटावरून फिरवला. पुढची पळी विक्रमला. त्यानं तळहात पुढं केला, पाणी घेतलं आणि हात थेट केसांवर नेला. तोंडाला लावलाच नाही. मी बघितलं ते. पण मला वाटलं, पोरगं केस बसवतंय. त्याला केसांची भारी हौस. मग माझी पाळी आली. मी प्यायले. आबा प्यायले. आमची पोटं थोडी बिघडली, चार दिवस ताकभात खाल्ला आणि झालो बरे. जून हाडं आमची, आम्हाला काय होतंय.

सारिकाला ताप आला तेव्हा त्या दिवसाला महिना उलटला होता, उसाच्या बुंध्याला माती चढवायचे, भरणीचे दिवस होते. अन्न नको, वास नको. पोटुशी आहे, व्हायचंच, असं म्हणून वहिनीनं लिंबू-साखर दिली. मग तिचे डोळे पिवळे झाले. तर तिच्या डोक्यावर काविळीची माळ ठेवली. ही माळ झाडाच्या काड्यांची असते, वाळेल तशी सैल होते आणि डोक्यावरून गळ्यात उतरते. माळ उतरली म्हणजे कावीळ उतरली. सारिकाची माळ झकास उतरली. गळ्यापर्यंत आली, छातीपर्यंत आली. वहिनीनं मला फोन करून सांगितलं, “उतरली बाई, सुटलो.” त्यानंतर सारिका अंग ओरबाडायला लागली, रक्त येईपर्यंत, आणि स्वतःच्या आईला “तुमी कोण?” म्हणून विचारायला लागली. तेव्हा कुठं बारामतीला आणली.

दवाखान्यात मी होते. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “पाणी कुठलं पिता?”

“फिल्टरचं,” वहिनी म्हणाली. “फिल्टरचंच हो,” दत्ता म्हणाला. “आमच्यात सगळे जारचंच पितात,” मी म्हणाले. अभिमानानं म्हणाले, हे विशेष. भिंतीशी विक्रम उभा होता. त्यालाही विचारलं. तोही म्हणाला, “फिल्टरचं.”

“बाहेर कुठं काही प्यायल्यात का? मैल्यानं नासलेल्या पाण्यातून होते ही कावीळ. गरोदर बाईला फार वाईट असते.”

वहिनीला आठवलं, निमगावच्या बाजारात ती उसाचा रस प्यायली होती. बर्फ घातलेला. सगळ्यांनी माना हलवल्या. सापडलं! तीर्थ कुणाच्याही तोंडी आलं नाही. लपवलं असं नाही, निदान आम्ही तिघांनी तरी नाही. तीर्थ हे पाणी असतं, हेच आमच्या डोक्यात नव्हतं. पाणी म्हणजे जे तहान लागल्यावर पितात ते. तीर्थाला कधी कुणी पाणी म्हटलंय का? असली चूक फक्त आमच्यासारखी देवभोळी आणि शहाणी माणसंच करू शकतात. जारचं पाणी पिऊन आरोग्य सांभाळणारी आणि संडासाचं पाणी कपाळाला लावून पिणारी.

सारिका शुद्धीवर नव्हती तरी तिचा हात सारखा डोक्याकडं जायचा. मी तो धरून ठेवायची. हात कोवळा, हळदीनं माखल्यासारखा. हळदीचा तो रंग लग्नात तिला किती शोभला होता, असं माझ्या मनात आलं आणि माझीच मला चीड आली. आधी पोटातलं गेलं, मग ती गेली. माळ गळ्यातच होती. नर्सनं कात्रीनं कापली आणि केराच्या डब्यात टाकली.

तेराव्याच्या आत विक्रम मित्रांना घेऊन निमगावला गेला आणि त्या रसवंतीवाल्याचा घाणा उलथून टाकला. त्या माणसाच्या बायकोनं पाया पडून विनवलं म्हणे. गावानं विक्रमचं कौतुक केलं, बायकोवर जीव होता पोराचा. होताच. तो रात्रंदिवस रडला होता, घसा बसला होता त्याचा. विक्रम वाईट नाही, हेच तर वाईट आहे. वाईट असता तर ओळखला असता.

तेरावं झालं त्या दुपारी मला घरात बसवेना. गावजेवणाची भांडी वाजत होती, बायका भाजीत मीठ जास्त पडलं का यावर बोलत होत्या. मी उठून नदीकडं निघाले. आमच्या वस्तीमागून एक ओढा खाली उतरतो आणि देवळाजवळच्या डोहाला मिळतो. पाणी भरलेलं असतं तेव्हा ओढाही दिसत नाही, डोहही दिसत नाही, सगळा एकच समुद्र. ओढ्याच्या काठावर पिवळा टँकर मागं लावून उभा होता. जाड पाइप खाली सोडलेला. त्यातून काय पडत होतं ते वासानं आधी कळलं. विक्रम बाजूला सावलीत, मुंडण केलेलं डोकं, कानाला फोन. कुणाला तरी सांगत होता, “यितो की, संध्याकाळपातूर यितो.”

मला बघून त्यानं फोन खाली केला. “आत्या, तू हितं कशाला आलीस?”

“कधीपासून ओततोस हितं?”

“पयल्यापासून.” त्याला प्रश्नच कळला नव्हता. “आगं, एवढं धरण हाय. एवढ्या पाण्यात काय कळतंय?”

“पाणी उतरल्यावर?”

ओढा देवळाकडं जातो हे त्यानंही वर मान करून बघितलं. आणि त्याचा हात आपोआप डोक्यावर गेला, जिथं आता केस नव्हते. तेव्हा मला देवळातला त्याचा हात आठवला. पाणी घेतलेला, तोंडाला न लावलेला, थेट केसांवर नेलेला. बाई गं!

“तुला ठावं हुतं,” मी म्हणाले. “तू प्याला न्हाईस.”

“एक पळी तर हुती आत्या,” तो रडायला लागला. “समद्या गावापुढं काय म्हणू? पिऊ नगं म्हणलं आस्तं तर का म्हणून इचारलं नस्तं का लोकांनी?”

मी वळले तर मागं आबा उभे. काठीवर दोन्ही हात. केव्हा आले, किती ऐकलं, कळलं नाही. त्यांनी टँकरकडं बघितलं, पाइपाकडं बघितलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडं. पळी याच हातात होती. आणि ते माघारी फिरले.

छातीठोकपणे कोण सांगणार, त्याच पळीनं गेली म्हणून? डॉक्टरही सांगणार नाहीत. रस होता, बर्फ होता, बाजारातली भेळ होती. विक्रम आजही स्वतःला तेच सांगत असणार. पण मला नुसता तो हात पुरतो. हात खोटं बोलत नाही.

आबांनी दत्ताला सांगितलं, टँकर बंद कर. दत्ता म्हणाला, “पोराचं पोट हाय त्यावर. आन् हे गावात बोलायचं न्हाय आबा. आपल्या सुनंचं आसं झालं म्हणून कळलं तर पोरगी कोण दील? बरं दिसत न्हाय.” आबा त्या दिवसापासून विक्रमशी बोलले नाहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात राहिले. पुढं धरण भरलेलं राहिलं, कळस दिसला नाही. तेवढं तरी बरं, असं मी म्हणत होते. टँकरचे दोन टँकर झाले.

मीही काय केलं? बारामतीला आले. शाळेत भूगोल शिकवते मी. फळ्यावर दरवर्षी जलचक्र काढते : समुद्र, ढग, डोंगर, नदी, बाणानं बाण जोडलेला. मुलं रंग भरतात, नदी निळी. सगळ्या वर्गात एकही पोर नदीला हिरवा रंग देत नाही, इतकं आम्ही त्यांना चांगलं शिकवलंय. आमच्या सोसायटीच्या संडासाची टाकी भरली की सेक्रेटरी फोन करतात, टँकर येतो, पाइप टाकतो, अर्ध्या तासात सगळं कसं स्वच्छ. आम्ही खिडक्या लावून घेतो. कुठं नेऊन ओतणार, हे मला विचारता येतं. मला तर सगळ्यांत आधी विचारता आलं पाहिजे. मी खिडकी लावून घेते. विक्रमला शिव्या देणं सोपं, तो तरी समोर दिसतो.

तर परवा मी माहेरी गेले.

ऊन असं की गाळाच्या भेगांतून वाफ यावी. मेलेल्या चिलापी माशांचा खच, त्यांच्यावर बगळे. बघ्यांच्या गाड्या, भेळवाला, सेल्फी. नव्या सोयरिकीची माणसं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. मुलगी पोपटी साडीत, अंगानं बारीक, पायांना गाळ लागतोय म्हणून साडी उचलून चाललेली. तिनं माझ्याकडं बघून हसून विचारलं, “आत्या ना तुमी? ह्यांनी सांगितलंय तुमच्याबद्दल.” विक्रम तिच्या मागं होता, नवा शर्ट, केस छान वाढलेले. हातात पाण्याची बाटली होती. फिल्टरची.

आबा फार वाळलेत. काठी एका हातात, तांब्याची कळशी दुसऱ्या हातात, कुणाला धरू दिली नाही. दत्तानं जवळ जाऊन हळूच सांगितलं, “आबा, आवंदा जारचंच घालू. भायेरची माणसं हायत.”

“देवाला फिल्टरचं चालत न्हाय,” आबा म्हणाले.

तेच वाक्य. म्हातारा विसरला की काय सगळं? की वेड लागलं? मी पुढं झाले तर त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं आणि मी थांबले. डोहाशी जाऊन त्यांनी कळशी भरली. शेवाळ बाजूला सारलं नाही. उपरणं काढलं नाही. हिरवं पाणी तसंच कळशीत गडगडलं. गाभाऱ्यात आले, कळशी पिंडीसमोर ठेवली आणि पिंडीवर नुसतं बेलाचं पान वाहिलं. पाणी घातलंच नाही. लोक एकमेकांकडं बघायला लागले. म्हातारं चळलं, असं कुणीतरी कुजबुजलं. आबांनी पळी कळशीत बुडवली आणि वळले.

मुलीच्या आईनं मुलीला पुढं ढकललं. “घे बाळा, तीर्थ घे.” पोरीनं पदर डोक्यावर ओढून तळहात पुढं केला.

“थांब पोरी,” आबा म्हणाले. “आधी नवरदेव.”

विक्रम पुढं आला. त्या दुपारनंतर आबा त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होते. त्यानं हात केला. आबांनी पळी ओतली. विक्रमचा हात सवयीनं वर निघाला, केसांकडं.

आबांनी त्याचं मनगट धरलं. “डोक्याला न्हाय. पी.”

“आबा, माणसं हायत,” विक्रम हळू म्हणाला.

“म्हणूनच म्हणतोय. पी.”

दत्ता म्हणाला, “आबा, आवो काय चालवलंय हे? बरं दिसत...” कुणी हललं नाही. विक्रमच्या बोटांतून पाणी थेंब थेंब गळत होतं, पायरीवर हिरवे ठिपके पडत होते. त्यानं तळहाताकडं बघितलं, आबांकडं बघितलं. मग तो फक्त आबांना ऐकू जाईल असं बोलला. पण दगडाच्या गाभाऱ्यात हळू बोललेलंही सगळ्यांना ऐकू जातं, हे तो विसरला.

“घाण हाय त्ये, आबा.”

“मग तिला कसं पिऊ दिलंस?” आबा म्हणाले.

पोपटी साडीतल्या मुलीचा हात अजून पुढंच होता. तिनं तो हळूच मागं घेतला आणि पदराला पुसला. तो कोरडाच होता.